कंपन्यांचं ‘हरित’ संशोधन आणि धुराड्यातला कार्बन: एकाने दुसरा खरंच कमी होतो का?

ताळमेळ (धागाकर्ता)

प्रश्न नीट मांडता यावा म्हणून एक काल्पनिक कंपनी घेतो. पाच वर्षांत ४० हरित पेटंटं, संशोधनावरचा खर्च दुप्पट. अहवालाच्या मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत ‘प्रति टन उत्पादनामागे उत्सर्जन १८ टक्के कमी’. मागच्या तक्त्यात मात्र एकूण उत्सर्जन ६.६ टक्क्यांनी वाढलेलं, कारण याच काळात उत्पादन ३० टक्क्यांनी वाढलं (०.८२ × १.३० = १.०६६).

आकडे दोन्ही खरे आहेत, खोटं कुणीच बोललेलं नाही. मग संशोधनामुळे उत्सर्जन घटलं म्हणायचं की नाही? आणि ते १८ टक्के संशोधनाचेच आहेत हे कशावरून? ज्यांना भट्ट्या, मीटर आणि कार्बनचा हिशेब यातलं कळतं त्यांनी कृपया आकड्यांसकट लिहावं. ‘कंपन्या फसवतात’ किंवा ‘तंत्रज्ञान सगळं सोडवेल’ या धर्तीचे प्रतिसाद नकोत, ते इतरत्र भरपूर मिळतात.

---

भट्टीवाला

‘हरित संशोधन’ या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांचे परिणामही वेगळे असतात. बाहेर पडणारा वायू तोंडाशीच अडवणं, कच्चा माल किंवा इंधन बदलणं, आणि तेच काम कमी ऊर्जेत करणं. माझ्या मते भरवशाचा क्रमही हाच. गंमत म्हणजे जाहिराती नेमक्या उलट्या क्रमाने होतात.

पहिल्या प्रकाराचं उत्तम उदाहरण नायट्रिक आम्लाचा कारखाना. अमोनिया आणि हवा प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या जाळीवरून साधारण ८५० ते ९०० अंश सेल्सिअसला जाते. हवा असतो नायट्रिक ऑक्साइड, पण थोडा नायट्रस ऑक्साइडही तयार होतो. मध्यम दाबाच्या कारखान्यात काहीही उपाय नसेल तर एक टन आम्लामागे सुमारे ७ किलो. या वायूची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या २६५ पट धरली तर ७ × २६५ = १,८५५ किलो. म्हणजे एक टन आम्लामागे जवळपास पावणेदोन-दोन टन, तेही इंधन न जाळता. उपाय म्हणजे जाळीच्या खालच्या टोपलीत दुसऱ्या उत्प्रेरकाचा थर. बाकी कारखाना आहे तसाच. हा थर ८० ते ९० टक्के नायट्रस ऑक्साइड तिथल्या तिथे मोडतो.

बिघडतं ते टोपलीच्या कडेला. उष्णतेने टोपली प्रसरण पावते, भिंतीशी फट पडते आणि वायू उत्प्रेरकाला वळसा घालून निघून जातो. आणखी एक दुखणं म्हणजे चिमणीत सतत मोजणारा विश्लेषक न बसवता तिमाहीला एकदा नमुना घेणं. नमुना नेमका जाळी नवी असताना घेतला की आकडा सुंदर येतो.

ॲल्युमिनियममध्येही असंच घडलं. विद्युत-अपघटनाच्या कुंडातल्या द्रवात विरघळलेला ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) साधारण २ टक्क्यांखाली गेला की कुंडाचा व्होल्टेज चार-साडेचारवरून एकदम ३० च्या वर उडी मारतो आणि कार्बन टेट्राफ्लोराइड सुटतो (६,६३० पट). कुंडाचा विद्युतरोध सतत वाचून ठरावीक मिनिटांनी थोडा थोडा ॲल्युमिना सोडणारी यंत्रणा आली आणि हे झटके फार कमी झाले. ही घट खरी आहे, मोजता येते आणि उत्पादन वाढलं तरी टिकते. पण त्याच कुंडाला टनामागे १३ ते १५ हजार युनिट वीज लागते. ती कोळशाची असेल तर टनामागे १३-१४ टन तिकडून येतच राहतात. एका दारातून हत्ती घालवला तरी दुसऱ्या दारात दुसरा उभाच!

सिमेंटबद्दल संध्याकाळी लिहितो, ते प्रकरण मोठं आहे.

---

वजाबाकी

भट्टीवाल्यांनी यंत्र दाखवलं, मी वही दाखवतो. १८ टक्क्यांतले बरेच टक्के वहीतच जन्माला येऊ शकतात.

सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे विक्री. जुनं, धुरकट युनिट दुसऱ्याला विकलं की आपलं उत्सर्जन घटतं आणि चिमणी मात्र तशीच धुरत राहते. जीएचजी प्रोटोकॉलप्रमाणे (हरितगृह वायूंच्या हिशेबाची आंतरराष्ट्रीय नियमावली) अशा वेळी आधारवर्षाचा, म्हणजे ज्या वर्षाशी तुलना करतात त्याचा, आकडा पुन्हा काढावा लागतो, विकलेलं युनिट आधीच्या वर्षांतूनही वजा करून. बहुतेक कंपन्या यासाठी ५ टक्क्यांचा उंबरठा ठेवतात. ४ टक्क्यांची दोन युनिटं वेगवेगळ्या वर्षांत विकली आणि एकत्रित परिणाम पाहिलाच नाही, की ८ टक्के ‘घट’ विनासायास.

दुसरी युक्ती म्हणजे काम बाहेर देणं. क्लिंकर (सिमेंटचा भाजलेला मूळ घटक) स्वतः न भाजता विकत घेतला की स्कोप १ (स्वतःच्या चिमण्यांतलं उत्सर्जन; स्कोप २ म्हणजे विकत घेतलेल्या विजेचं) खाली येतो आणि स्कोप ३ चा (पुरवठादार-ग्राहकांकडचं उत्सर्जन) पहिला प्रवर्ग, म्हणजे विकत घेतलेला माल, वर जातो. स्कोप ३ चे एकूण १५ प्रवर्ग आहेत. मुखपृष्ठावरच्या आकड्यात त्यातले किती धरलेत ते आधी पाहा. बहुधा ‘स्कोप १ व २’ असं बारीक अक्षरांत असतं.

तिसरी वीज. २०१५ पासून स्कोप २ दोन पद्धतींनी सांगावा लागतो: ग्रिडच्या, म्हणजे वीजजाळ्याच्या, सरासरीने (स्थानाधारित) आणि हरित विजेच्या करार-प्रमाणपत्रांच्या आधारे (बाजाराधारित). प्रमाणपत्रं स्वस्तात घेऊन बाजाराधारित आकडा शून्यावर आणता येतो, कारखान्यात एक दिवाही न बदलता. विज्ञानाधारित लक्ष्यं (तापमानवाढीच्या मर्यादेशी जुळणारी) जाहीर केलेल्या ११५ कंपन्यांचा २०१५ ते २०१९ चा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रमाणपत्रांसकट स्कोप २ मधली घट सुमारे ३१ टक्के, प्रमाणपत्रं बाजूला ठेवली तर सुमारे १० टक्के. संशोधनाचा परिणाम शोधायचा असेल तर स्थानाधारित आकडाच धरा. त्यातही ग्रिड आपोआप स्वच्छ झाल्याचा वाटा वेगळा काढावा लागतोच.

आणि ‘आमच्या उत्पादनामुळे ग्राहकाचं इतकं उत्सर्जन टळलं’ हा आकडा आपल्या उत्सर्जनातून वजा करता येत नाही. तो शेजारी लिहायचा, वजाबाकीत आणायचा नाही. मी हे नाव घेतलंय ते उगाच नाही :)

अवांतर: बक्षीस चुकीच्या जागी ठेवलं की काय होतं त्याचा नमुना एचएफसी-२३. हा एचसीएफसी-२२ या शीतक वायूच्या उत्पादनातला उपपदार्थ. तो जाळून टाकण्याचं तंत्र सोपं, पण एक टन जाळला की त्या वेळच्या हिशेबाने ११,७०० टनांची कार्बन क्रेडिट्स (उत्सर्जन टाळल्याबद्दल मिळणारी, विकता येणारी) मिळायची. उपपदार्थ नष्ट करण्याची कमाई मूळ मालापेक्षा आकर्षक झाली आणि क्रेडिटसाठीच उत्पादन वाढवल्याचा संशय बळावला. शेवटी २०१३ पासून युरोपच्या बाजारात ही क्रेडिट्स बंद झाली. तंत्र निर्दोष होतं, हिशेबाची चौकट सदोष होती.

---

कमी_बोलतो

पेटंटांबद्दल एवढंच. हरित पेटंट म्हणजे ज्यावर वाय०२ वर्गाची (पेटंट वर्गीकरणातला हवामानविषयक तंत्रज्ञानाचा वर्ग) खूण आहे ते. ही खूण शोध कशाबद्दल आहे हे सांगते, तो वापरला का हे नाही. अंतर्ज्वलन इंजिनाची कार्यक्षमता वाढवणारे शोधही वाय०२ मध्ये बसतात. म्हणजे पेट्रोल इंजिनाचं पेटंटसुद्धा हरित. ४० पैकी किती वापरात आहेत आणि किती केवळ स्पर्धकाची वाट अडवायला घेतलीत, हे आकड्यात दिसत नाही.

युरोपच्या कार्बन बाजाराखाली (जिथे उत्सर्जनाच्या परवान्यांची खरेदी-विक्री होते) आलेल्या ब्रिटिश कंपन्यांवर अर्थतज्ज्ञ रॅफेल कॅलेल यांचा २०२० चा अभ्यास आहे. त्यात कमी-कार्बन पेटंटं आणि संशोधनखर्च वाढलेले दिसले, पण उत्पादनामागच्या कार्बनमध्ये तेवढ्या काळात त्याच्या जोडीने घट दिसली नाही. शोध लावणं आणि शोध वापरणं ही दोन वेगळी कामं आहेत.

---

भट्टीवाला

@कमी_बोलतो, सहमत, पण ‘तेवढ्या काळात’ हे शब्द अधोरेखित करा. झोतभट्टीचं (खनिजातून लोखंड काढणारी भट्टी) अस्तर १५ ते २० वर्षांनी बदलतात, सिमेंटची भट्टी चाळीस वर्षं चालते. आज पेटंट झालेलं तंत्र प्रायोगिक संयंत्र, मग प्रात्यक्षिक, मग पुढच्या अस्तरबदलाची वेळ असं करत पोहोचतं. ती वेळ चुकली की आणखी १५ वर्षं थांबा. पाच वर्षांच्या खिडकीतून पाहिलं तर चांगलं संशोधनही निष्फळ दिसणारच.

आता सिमेंट. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघणार. हे रसायनशास्त्र आहे, इथे वाटाघाटी नाहीत. एक टन क्लिंकरमागे साधारण ५२५ किलो नुसते दगडातून, इंधनाचे वेगळे. एकूण उत्सर्जनात दगडाचा वाटा सुमारे ६० टक्के. म्हणून भट्टी कितीही कार्यक्षम करा, सौर वीज लावा, त्या ६० टक्क्यांना धक्का लागत नाही. क्लिंकरच कमी वापरणं हा खरा मार्ग. एलसी३ नावाच्या मिश्रणात ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के कच्ची चुनखडी, ५ टक्के जिप्सम. माती ७०० ते ८५० अंशांना भाजते, क्लिंकरला १,४५० लागतात. साध्या सिमेंटच्या तुलनेत ३० ते ४० टक्के घट शक्य आहे.

अडचणी: मातीत केओलिनाइट (चिकणमातीतलं एक खनिज) निदान ४० टक्के हवं, नाहीतर ताकद येत नाही. जास्त भाजली की मातीची क्रियाशीलता मरते. भाजलेली माती बारीक असल्याने मिश्रण पाणी जास्त मागतं. साइटवर कुणी सरळ पाणी वाढवलं तर ताकद गेली, त्यामुळे प्लास्टिसायझरचा (पाणी न वाढवता मिश्रण प्रवाही करणारं रसायन) डोस वाढवावा लागतो. लोहामुळे रंग तांबूस येतो आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. रंग राखाडी ठेवायचा तर माती थंड करताना ऑक्सिजन तोडावा लागतो.

आणि हे सगळं जमलं तरी मूळ प्रश्न उरतोच: वाचलेल्या क्लिंकरचं काय केलं? भट्टी तेवढीच चालवून त्याच क्लिंकरमध्ये जास्त सिमेंट काढलं, तर टनामागचा आकडा घसरतो आणि चिमणीतून तेवढंच बाहेर पडतं. त्या जादा सिमेंटमुळे दुसऱ्या कुणाची जुनी भट्टी मंदावली असेल तर जगात घट झाली, कंपनीच्या वहीत नाही. मागणीच वाढली असेल तर कुठेच नाही. मला विचाराल तर ‘काय नवं सुरू केलं’ यापेक्षा ‘कोणती भट्टी कोणत्या तारखेला थंड झाली’ हा प्रश्न जास्त उपयोगी.

---

ताळमेळ

हे फारच कामाचं निघालं. मग हायड्रोजनवरचं पोलाद (कोळशाऐवजी हायड्रोजन वापरून केलेलं) आणि वाफेसाठी हीट पंप (विजेवर उष्णता उचलून जास्त तापमानाला पोचवणारं यंत्र), ज्यांचा सध्या सगळीकडे गजर चालू आहे, ती कुठल्या प्रकारात?

---

ग्रिडगणित

दुसऱ्या प्रकारात, पण उत्तर धुराड्यात नाही, विजेच्या तारेत आहे.

पोलाद: एक टनासाठी सुमारे ५५ किलो हायड्रोजन. विद्युत-अपघटनाला किलोमागे ५२ युनिट धरा. ५५ × ५२ = २,८६०. वितळवायला विद्युतभट्टीचे आणखी ५०० च्या आसपास. एकूण ३,३६० युनिट. ग्रिडचा गुणक (एक युनिट विजेमागचं उत्सर्जन) युनिटमागे ०.७ किलो असेल तर २.३५ टन कार्बन डायऑक्साइड. कोळशाच्या झोतभट्टीचं पोलाद सुमारे २.२ टनांवर असतं. म्हणजे कोळशाच्या ग्रिडवर हा सगळा खटाटोप करून उत्सर्जन वाढलं! बरोबरीचा बिंदू साधारण ०.६५. निम्मं करायचं तर ०.३३ हवा, आणि खरोखर ‘हरित’ म्हणावं इतकं, म्हणजे ०.३ टन, हवं असेल तर ०.०९. पेलेट (लोहखनिजाचे गोळे), चुना आणि इलेक्ट्रोडचं उत्सर्जन यात धरलेलं नाही.

हीट पंप: नैसर्गिक वायूच्या ९० टक्के कार्यक्षम बॉयलरमधून उष्णतेच्या एका युनिटमागे ०.२०२ ÷ ०.९, म्हणजे सुमारे ०.२२४ किलो. हीट पंपाचा सीओपी (एक युनिट विजेमागे मिळणारी उष्णतेची युनिटं) ३ आणि ग्रिड ०.७ असेल तर ०.२३३, किंचित तोट्यात. सीओपी ४ झाला तर ०.१७५, फायद्यात. तेच जुना कोळशाचा ८० टक्के कार्यक्षम बॉयलर काढला तर तो ०.४३ च्या आसपास असतो, त्यामुळे सीओपी ३ लाही घट भरघोस. एकाच यंत्राने एका कारखान्यात उत्सर्जन वाढतं आणि दुसऱ्यात निम्म्याच्या जवळ येतं. ‘हीट पंप हरित आहे का’ हा प्रश्नच अपुरा आहे.

सीओपी माहितीपत्रकावरून घेऊ नका. उष्णता ज्या तापमानातून उचलायची आणि जिथे पोचवायची त्यातलं अंतर वाढलं की तो कोसळतो. गरज ८० अंशांची असताना सवयीने १५० अंशांची वाफ मागणारे कारखाने आधी ती सवय मोडतात, मग पंप घेतात. उलट क्रमाने घेतला की फसतो.

---

वजाबाकी

@ग्रिडगणित, सरासरी गुणक वापरलात, पण नव्या भारामुळे त्या क्षणी कोणतं वीजकेंद्र जास्त चालतं हे बघायला हवं. रात्री तीनला अपघटनी (पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र) चालू आणि सौर करार दाखवला दुपारचा, तर कागदावर शून्य आणि प्रत्यक्षात कोळसा.

---

ग्रिडगणित

मान्य. म्हणूनच युरोपच्या २०२३ च्या नियमांत हायड्रोजनसाठी वीजनिर्मिती आणि वापर यांचा मेळ २०२९ अखेरपर्यंत महिन्याच्या आणि २०३० पासून तासाच्या हिशेबाने मागितला आहे. शिवाय वीजप्रकल्प हायड्रोजन संयंत्राच्या आधी ३६ महिन्यांहून जुना नको, ही अटही आहे (काही अपवाद सोडून). आधीच चालू असलेल्या पवनचक्कीची वीज आपल्या नावावर करून घेतली तर ती ज्याला मिळायची तो कोळशाकडे वळतो.

---

मीटरमागे

तिसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे ऊर्जाबचतीबद्दल, कुणीच लिहिलं नाही. तिथेच तर १८ टक्क्यांचा उगम बहुधा असतो आणि तिथेच सगळ्यात जास्त गफलत होते.

कारखान्याची महिन्याची वीज साधारण अशी असते: स्थिर भार + उत्पादनाबरोबर बदलणारा भार. समजा १,२०,००० + ८५ × टन. ४,००० टनांना टनामागे ११५ युनिट. ५,००० टनांना १०९. पाच टक्के ‘सुधारणा’ आणि कुणी स्क्रूसुद्धा फिरवला नाही! दिवे, कॉम्प्रेसर, वातानुकूलन यांचा स्थिर भार जास्त मालावर वाटला गेला इतकंच. धागाकर्त्यांच्या कंपनीचं उत्पादन ३० टक्के वाढलंय, तेव्हा पहिली शंका हीच घ्या.

पद्धत अशी. बदलापूर्वीचे निदान १२ महिने घ्या, उत्पादन आणि हवामान यांच्याशी विजेचं समीकरण बसवा. बदलानंतर दर महिन्याला समीकरणाने अपेक्षित आकडा काढा, प्रत्यक्षातून तो वजा करा आणि फरक साठवत जा. या साठवत्या बेरजेच्या आलेखाला क्यूसम म्हणतात. नवं यंत्र बसल्याच्या महिन्यापासून रेषा खाली वळली तर श्रेय यंत्राचं. आधीच वळली असेल तर दुसरं काहीतरी घडलंय. सहा महिन्यांनी पुन्हा आडवी झाली तर बचत विरली, बहुतेकदा कुणीतरी नियंत्रण ‘मॅन्युअल’वर टाकलेलं असतं.

व्हीएफडीचं (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) उदाहरण घ्या. पंख्याचा वेग ८० टक्के केला की शक्ती ०.८ च्या घनाइतकी, म्हणजे ५१ टक्के. ही ४९ टक्के बचत विक्रीपत्रकात छापलेली असते. पण उंच टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाला हा नियम तसाच लागू होत नाही, कारण उंचीचा दाब वेगाबरोबर कमी होत नाही. आणि मोटर सतत पूर्ण वेगाने चालत असेल तर व्हीएफडीचे स्वतःचे दोन-तीन टक्के उलट वाया जातात.

दाबाखालची हवा हा तर खजिनाच. ७ बारच्या नळीला ३ मिलिमीटरचं भोक म्हणजे ३ ते ४ किलोवॅट, वर्षाचे ८,००० तास धरले तर २४ ते ३२ हजार युनिट. गळती मोजायला महागडं उपकरण लागत नाही. सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवा. ९० सेकंद लोड (हवा दाबताना), २१० सेकंद अनलोड (नुसता फिरताना) असेल तर गळती ९० ÷ ३०० = ३० टक्के. गळत्या बुजवल्या की वीज मात्र ३० टक्के घटत नाही, कारण स्क्रू कॉम्प्रेसर अनलोडवरही पूर्ण भाराच्या २५ ते ४० टक्के वीज खातो. गळती बुजवल्यावर एक कॉम्प्रेसर बंदच केला, तर बचत खरी. याचं पेटंट कुणी घेत नाही आणि अहवालात फोटोही छापत नाहीत, म्हणून हे काम मागे राहतं.

---

ताळमेळ

पण बाहेरच्या माणसाला मासिक मीटर कोण दाखवणार? हाताशी फक्त वार्षिक अहवाल असेल तर?

---

मीटरमागे

तर १८ टक्क्यांचे तुकडे पाडा. उत्पादन आणि एकूण ऊर्जा पाच वर्षांची असते, त्यावरून स्थिर भार ढोबळ काढता येतो आणि त्याचा वाटा वेगळा होतो. स्थानाधारित स्कोप २ ला विजेच्या युनिटांनी भागा, ग्रिडचा गुणक किती घसरला ते कळेल, तोही वाटा बाजूला. उत्पादनांचं मिश्रण बदललं का, विकत घेतलेला अर्धतयार माल वाढला का, हे खरेदीच्या तक्त्यात दिसतं. एवढं वजा करून जे उरेल ते संशोधनाच्या नावावर जास्तीत जास्त मांडता येईल, त्याहून जास्त नाही.

---

वजाबाकी

आणि तळटीप वाचा. नायट्रस ऑक्साइडसाठी आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलविषयक समिती) चौथ्या अहवालात २९८ पट आहे, पाचव्यात २६५. आधारवर्ष जुन्या गुणकाने आणि चालू वर्ष नव्याने मोजलं की भट्टीवाल्यांच्या त्या आम्ल कारखान्यात ११ टक्के घट कॅल्क्युलेटरमध्येच होते, टोपली न बसवता. मिथेनचं उलट, २५ चे २८ झाले. त्यामुळे मिथेनवाल्या कंपन्या आधारवर्ष नव्या गुणकाने पुन्हा काढायला अजिबात विसरत नाहीत.